इ. स. १६१८ चा मुंबईचा ‘भूकंप’ : एका नोंदीची चिकित्सा

मुंबईस भूकंपापासून भय किती, ह्या प्रश्नाचें उत्तर ज्या थोडक्या आधारांवर दिलें जातें, त्यांत शके १५४० मधील एका नोंदीचें वजन फार मोठें आहे. ‘इ. स. १६१८, मे २६, मुंबई. दोन हजार मृत’ अशा आशयाची ती एकच ओळ होय. जुन्या याद्यांतून नव्या याद्यांत ती उतरत आली. आणि अलीकडच्या कोष्टकांत तिच्यासमोर तीव्रता नववी, महत्ता ६.९ असे आंकडेही मांडलेले आढळतात. हे आंकडे कोणत्याही यंत्रानें मोजलेले नाहींत. कुलाब्याच्या वेधशाळेंत मिल्नचें भूकंपलेखक यंत्र बसलें तें १८९७ च्या आसामांतील भूकंपानंतर, एकोणिसाव्या शतकाच्या अगदीं अखेरीस. तेव्हां १६१८ ची नोंद सर्वस्वी लेखी वृत्तांतावर उभी आहे. वृत्तांतावरून तीव्रतेचा आंकडा आणि तीव्रतेवरून महत्तेचा आंकडा, अशी ही उतरंड रचलेली आहे. तळचें मडकें कच्चें निघालें तर वरच्यांची काय गति, हें सांगावयास नको.

कागदाची परीक्षा हा ह्या त्रैमासिकाच्या वाचकांचा नित्याचा उद्योग असल्यामुळें हें तळचें मडकें वाजवून पाहण्याचें येथें योजिलें आहे. सदर नोंद भूकंपाची नसून समुद्रावरून आलेल्या तुफानाची आहे, व ती भलत्या रकान्यांत पडल्यामुळें त्या शहराचा एक खरा धोका झांकला गेला आहे, असें प्रस्तुत लेखकाचें मत आहे.

यवतमाळ जिल्ह्यांत बसून समुद्रकांठच्या शहराची ही चर्चा कशासाठीं, असा प्रश्न येथील वाचकांच्या मनांत येणें साहजिक आहे. एक कारण पायाखालच्या खडकाचें. २०२१ सालीं झरी जामणी तालुक्यांत शिबला-पारडीच्या बाजूस रस्त्याच्या कामांत बहुकोनी दगडी खांबांची रांग उघडी पडली, व हे खांब ज्वालामुखीच्या रसापासून झालेल्या बेसॉल्टचे असल्याचें सुरेश चोपणे यांनीं प्रसिद्ध केलें. प्रथमदर्शनीं ते कोणा पाथरवटानें घडवून उभे केल्यासारखे दिसतात. अंधेरीच्या गिल्बर्ट टेकडीचे सुमारे दोनशें फूट उंचीचे खांब ह्याच जातीचे. दुसरें कारण अधिक निकडीचें आहे. २१ मार्च २०२४ रोजीं सकाळीं सहाच्या सुमारास हिंगोली जिल्ह्यांत आखाडा बाळापूरच्या बाजूस ४.५ महत्तेचा धक्का बसला, त्यामागून दहा-बारा मिनिटांनीं ३.६ चा दुसरा बसला, व पुसद-उमरखेडकडील गांवींही ते जाणवले. त्याच वर्षीं १० जुलैस पुन्हां तसाच प्रकार झाला. अशा प्रसंगानंतर लोक दोनच प्रश्न विचारतात: खालीं ज्वालामुखी जागा होत आहे काय, आणि पूर्वीं येथें असें कधीं झालें होतें काय? पहिला प्रश्न भूगर्भशास्त्राचा, दुसरा इतिहासाचा. मुंबईच्या नोंदीचा विचार केल्यानें दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर कसें शोधावें आणि कसें शोधूं नये, हें आपोआप कळून येतें.

पहिल्या प्रश्नाचा निकाल थोडक्यांत लागतो. वऱ्हाडापासून कोंकणपर्यंत पसरलेला काळा पत्थर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं जमिनीच्या भेगांतून वाहून आलेल्या शिलारसाचा आहे. आज उरलेला त्याचा विस्तार सुमारे पांच लक्ष चौरस किलोमीटर भरतो. पूर्वेस वणीच्या बाजूला हा थर संपून चुनखडक व कोळसा उघडा पडतो. पश्चिमेस पनवेल-मुंबईच्या पट्ट्यांत हेच थर वांकून समुद्राकडे उतरतात. मुंबईचे कांहीं खडक ह्या सर्वांत तरुण म्हणावे असे, तरी तेही सहा कोटी वर्षांहून जुने आहेत. ती चूल कधींच विझली. वज्रेश्वरी, गणेशपुरी, उन्हवरे, तुरळ, राजापूर येथील उन्हाळीं पाहून कित्येकांस खालीं निखारे असावेत असें वाटतें. परंतु खोल भेगांत मुरलेलें पाणी तेथील स्वाभाविक उष्णतेनें तापून वर येतें, इतकाच त्याचा अर्थ. भारताच्या हद्दींत आज जागृत असा ज्वालामुखी अंदमानच्या समुद्रांतील बॅरन बेटाचा एकच. दूरच्या ज्वालामुखीचा पडसाद मात्र मुंबईस पोंचलेला आहे. १८८३ च्या ऑगस्टांत जाव्याजवळ क्राकाटोआ फुटला तेव्हां हवेंत उठलेली लाट जगभरच्या वायुभारमापकांवर उमटली, व त्यांत मुंबईचाही समावेश होता. सारांश, शहराखालच्या आगीची चिंता करण्याचें कारण नाहीं. धरणी हलण्याची गोष्ट निराळी आहे. तिच्याकडे आतां वळूं.

१६१८ सालीं ‘मुंबई’ ह्या नांवानें आज जें समजलें जातें तें अस्तित्वांतच नव्हतें. गुजराथच्या बहादुरशहानें १५३४ मध्यें वसई व तिच्या ताब्यांतील बेटें पोर्तुगीजांस दिलीं. त्यांच्या उत्तरेकडील मुलुखाची राजधानी वसई, आणि मुंबई हें तिच्या ताब्यांतील एक सामान्य बेट. इंग्रजांकडे तें लग्नाच्या आंदणांत १६६१ च्या तहानें जावयाचें व प्रत्यक्ष १६६५ त जावयाचें होतें. ह्यास्तव १६१८ च्या वृत्तांताचें केंद्र वसई आहे, हें प्रथम लक्षांत घेतलें पाहिजे. यादीकारांनीं आपल्या काळच्या मोठ्या शहराचें नांव त्यापुढें घातलें, आणि त्या नांवाचेच अक्षांश-रेखांश मागाहून भूकंपाचें केंद्र म्हणून मांडले गेले!

पोर्तुगीजांच्या त्या वेळच्या वर्णनाचा सारांश इंग्रजी गॅझेटियरकारांनीं दिलेला आहे. त्यांत तारीख १५ मे अशी येते. आभाळ भरून आलें, गडगडाट झाला व प्रचंड वारा सुटला. रात्र पडण्याच्या सुमारास लाटा इतक्या उंच झाल्या कीं, शहर समुद्रांत बुडतें असें लोकांस वाटलें. वाऱ्यानें समुद्राचें पाणी वसई शहरांत आणलें. चर्चांचीं छपरें उडालीं, मोठमोठे दगड लांबवर फेंकले गेले, मठांची व देवालयांची नासाडी झाली. दोन हजार माणसें मेलीं. तळ्यांतील मासे मेले. मुंबईच्या बंदरांत साठ गलबतें मालासकट, व कांहीं खलाशांसकट, बुडालीं. आगाशीस एक होडी वाऱ्यानें समुद्रांतून उचलून एका घरावर आदळली व तींत एक बाई व तिचें मूल ठार झालें. झाडें मुळासकट उपटलीं गेलीं.

हें वर्णन भूकंपाचें आहे काय? एकेक खूण तपासून पाहावी. छप्पर उडतें तें वाऱ्यानें. धरणीकंपांत छप्पर खालीं बसतें आणि त्यापूर्वीं भिंत फाटते. झाड मुळासकट उपटणें हें झंझावाताचें काम. बंदरांत नांगरलेलीं साठ गलबतें धक्क्यानें बुडत नाहींत. तळ्यांतील मासे मेल्याची बारीक गोष्ट तर सर्वांत बोलकी आहे, कारण गोड्या पाण्यांत खारें पाणी शिरलें म्हणजे मासे मरतात, आणि समुद्र शहरांत शिरल्याचें त्याच वृत्तांतांत सांगितलें आहे. पुढच्या दिवसांत पुनःपुन्हां धक्के बसत राहिल्याची, विहिरींचें पाणी वरखालीं झाल्याची, जमीन उलल्याची, अशी एकही हकीकत ह्या सारांशांत नाहीं. मोठ्या भूकंपानंतर लहान धक्के आठवडेच्या आठवडे चालतात व लोक घराबाहेर निजतात. लिहिणारास ही गोष्ट वगळणें शक्य नसतें. आगाशीच्या होडीसारखा बारीक प्रसंग टिपणारा मनुष्य इतकी ठळक गोष्ट विसरेल हें संभवत नाहीं.

मग भूकंप आला कोठून? तुफानांत लाटांच्या व वाऱ्याच्या मारानें पायाखालची जमीन थरारते, व ‘पृथ्वी कांपली’ हा अलंकार कोणत्याही भाषेंत सहज येतो. पण अलंकाराची वस्तुस्थिति होण्यास दुसरेंही एक कारण झालें असावें. पूर्वींच्या विद्वानांच्या समजुतीप्रमाणें वारा आणि भूकंप हीं एकाच कुळांतलीं होतीं. पृथ्वीच्या पोटांत कोंडलेल्या वायूमुळें ती हादरते, असें ॲरिस्टॉटलचें मत. युरोपांत तें सतराव्या शतकांतही प्रमाण मानीत. आपल्याकडे वराहमिहिरानें बृहत्संहितेंत भूकंपाचा स्वतंत्र अध्याय घातला असून, त्यांत पूर्वाचार्यांचीं मतें दिलीं आहेत. कोणी समुद्रांतील महाप्राण्यांस कारण मानतो, कोणी थकलेल्या दिग्गजांच्या निश्वासास. आणि वायूवर वायु आपटून तो भूमीवर पडतो तेव्हां ती कांपते, असेंही एक मत तेथें आहे. भूकंपाचीं चार मंडलें सांगतांना वराहमिहिरही पहिलें मंडल वायूचेंच देतो. अशा समजुतीच्या मनुष्यानें मोठ्या तुफानाशेजारीं भूकंप लिहिला तर तो खोटें बोलला असें म्हणतां येत नाहीं. त्याच्या शास्त्राप्रमाणें तो तेथें असलाच पाहिजे. आपलें शास्त्र निराळें असतां त्याचा शब्द जसाच्या तसा उचलणें, हा मात्र आपला दोष होय.

तारखेचा घोळही सहज सुटण्यासारखा आहे. वृत्तांतांत १५ मे व यादींत २६ मे. पोर्तुगालनें ग्रेगोरीची सुधारलेली गणना १५८२ मध्येंच स्वीकारली होती. इंग्रज मात्र १७५२ पर्यंत जुन्याच गणनेनें चालत. दोहोंत सतराव्या शतकांत दहा व अठराव्या शतकांत अकरा दिवसांचें अंतर पडतें. १५ आणि २६ यांत नेमके अकरा. एखाद्या इंग्रजी ग्रंथांतील तारीख जुन्या गणनेची असावी असें समजून कोणी तरी ती सुधारली असावी, असा आमचा तर्क आहे. पोर्तुगीज तारीख आधींच सुधारलेली होती. तिला पुन्हां सुधारण्याची जरूर नव्हती.

ह्या अकरा दिवसांनीं काय बिघडतें, असें वाटण्याचा संभव आहे. बिघडतें तें पुष्कळ. गणित करून पाहतां १५ मे १६१८ हा दिवस शके १५४० कालयुक्तनाम संवत्सरीं वैशाख वद्य पंचमी-षष्ठीच्या सुमारास येतो, आणि २६ मे ज्येष्ठ शुद्ध द्वितीयेच्या सुमारास. कोंकणच्या किनाऱ्यावरील कोळ्यास ह्याचा अर्थ विचारावा. अमावास्येनंतरची द्वितीया म्हणजे उधाण. वद्य षष्ठी म्हणजे भांगाकडे झुकलेला दिवस, जेव्हां भरती मुळांतच थोडी असते. मुंबईस उधाणाची व भांगाची भरती यांत उंचीचा फरक तीन-साडेतीन फुटांचा असतो. म्हणजे १५ मे ही तारीख खरी असेल, तर वसईंत शिरलेला समुद्र भरतीच्या जोरावर शिरलेला नव्हे. केवळ वाऱ्यानें त्याला इतका वर उचललेला होता. तेंच तुफान अमावास्येस आलें असतें तर काय झालें असतें, ह्याचा अंदाज त्यावरून करावा.

तुफानाचा भूकंप होण्याचा प्रकार मुंबईपुरताच झालेला नाहीं. कलकत्त्यास १७३७ सालीं, जुन्या गणनेनें ३० सप्टेंबरच्या व नव्या गणनेनें ११ ऑक्टोबरच्या रात्रीं, हुगळीच्या मुखाशीं भयंकर वादळ झालें. गोविंदराम मित्र यांच्या नवरत्न देवळाचा कळस व सेंट ॲन चर्चचा मनोरा पडला. लंडनच्या जेंटलमन्स मॅगझिनमध्यें पुढल्या वर्षीं ह्याची हकीकत आली. तींत भूकंप होता आणि मेलेल्यांची संख्या तीन लक्ष होती. तेव्हांच्या कलकत्त्याची वस्तीच तितकी नव्हती! तरी जगांतील अतिसंहारक भूकंपांच्या यादींत तो दोनशें वर्षांहून अधिक काळ मिरवत राहिला. १९९४ मध्यें रॉजर बिल्हॅम यांनीं कंपनीचे मूळ कागद तपासून तो प्रकार वादळाचा असल्याचें दाखविलें. शहरांतील मृतांचा आंकडा त्या कागदांत तीन हजारांच्या आसपास निघतो. दूरच्या शहरीं छापलेलें वर्तमान व जागच्या कारभाऱ्याचा कागद ह्यांत ग्राह्य कोणता, हा नियम ह्या वाचकांस नव्यानें सांगण्याची आवश्यकता नाहीं.

ह्याच्या उलट प्रकारही मुंबईच्याच बाबतींत घडलेला आहे, आणि तो गंमतीचा आहे. कित्येक आधुनिक कोष्टकांत ६ जून १८८२ रोजीं मुंबईस वादळ होऊन एक लक्ष माणसें मेल्याचें लिहिलेलें असतें. १८८१ च्या खानेसुमारींत मुंबईची लोकसंख्या ७,७३,१९६ होती. आठांतील एक मनुष्य एका दिवसांत मेला, आणि वर्तमानपत्रें, म्युनिसिपालिटीचे अहवाल व वेधशाळेचीं पुस्तकें त्याविषयीं अवाक्षर काढीत नाहींत, हें कसें घडावें? हें वादळ झालेंच नाहीं, असें अलीकडच्या हवामानशास्त्रज्ञांनीं मान्य केलें आहे. अशा रीतीनें जें तुफान खरोखर झालें तें भूकंप म्हणून गणलें गेलें, आणि जें झालें नाहीं तें तुफान म्हणून. शहराच्या संकटांचा हिशेब असा दोन्हीं बाजूंनीं चुकलेला आहे.

आतां ह्या याद्या बनतात कशा हें थोडें पाहूं. हिंदुस्थानच्या भूकंपांची पहिली विस्तृत यादी टॉमस ओल्डहॅम यांनीं केली व ती त्यांचे चिरंजीव आर. डी. ओल्डहॅम यांनीं १८८३ मध्यें भूगर्भखात्याच्या ग्रंथमालेंत छापली. ती बहुतांशीं युरोपीय लेखांवर आधारलेली. मराठी कागदांचा ह्या कामीं उपयोग होण्यास कोयना हादरावी लागली. ११ डिसेंबर १९६७ रोजीं पहांटे कोयनानगर उध्वस्त झालें, आणि त्यानंतर महिन्याच्या आंत, जानेवारी १९६८ मध्यें, इतिहाससंशोधक य. न. केळकर यांनीं महाराष्ट्रांतील गेल्या तीनशें वर्षांच्या भूकंपांवर ‘केसरी’त लेख लिहिला. वर्तमानपत्रांतला एक मराठी लेख. परंतु भूकंपशास्त्राच्या इंग्रजी निबंधांतून त्याचा हवाला पुढें वर्षानुवर्षें दिला गेला. दक्षिण पठारावरील धक्क्यांचा इतिहास सांगावयाचा तर बखरी, शकावल्या व पत्रें यांच्याकडे जाण्यावांचून गत्यंतर नाहीं, हें त्या एका लेखानें सिद्ध झालें. पण असा लेख हा शोधाचा आरंभ होय. त्यांतील प्रत्येक उल्लेखाचा मूळ कागद काढून, तो समकालीन आहे कीं मागाहून लिहिलेला, लिहिणारा कोठें होता, ‘भूमिकंप’ हा शब्द त्यानें अनुभवावरून घातला कीं उल्कापात, दिग्दाह यांच्या पंक्तींत उत्पात म्हणून घातला, हें पाहणें अवश्य आहे. हें काम अद्याप व्हावयाचें आहे, आणि तें शास्त्रज्ञांच्या हातून होणारें नाहीं. मोडी वाचणारांच्या हातून होणारें आहे.

१६१८ ची नोंद भूकंपाच्या यादींतून काढली तर मुंबई निर्भय ठरते काय? मुळींच नाहीं. ह्या पठाराच्या बाबतींत नोंद नसणें म्हणजे धोका नसणें नव्हे, हें दोनदां भयंकर किंमत देऊन कळलें आहे. कोयनेपूर्वीं हें पठार जवळजवळ अचल समजत. तेथें पावणेदोनशें-दोनशें माणसें मेलीं. पुढें ३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहांटे, गणेशविसर्जनाच्या रात्रीनंतर, किल्लारी हादरली. सरकारी गणनेनें मृत्यु ७,९२८. किल्लारीचा प्रदेश तोंवरच्या नकाशांत सर्वांत कमी भयाच्या पट्ट्यांत होता. २००२ च्या सुधारणेंत तो पहिला पट्टाच काढून टाकण्यांत आला, व मुंबई तिसऱ्या पट्ट्यांत दाखविली गेली. दगड-मातीच्या भिंतींवर जड माळवद, हा किल्लारीच्या संहाराचा मुख्य हेतु होता. तीं घरें पडलीं तीं ६.२ च्या सुमाराच्या धक्क्यानें, म्हणजे १६१८ च्या नांवावर घातलेल्या आंकड्याहून बरेंच कमी. आमच्या जिल्ह्यांतील जुन्या धाब्याच्या घरांकडे पाहतांना हें विसरतां येत नाहीं.

दूरच्या भूकंपांचाही विचार करावा लागतो. १६ जून १८१९ च्या कच्छच्या भूकंपानें सिंध्रीचा किल्ला पाण्याखालीं गेला, रणांत ‘अल्लाबंद’ नांवाचा उंचवटा उठला, आणि तेथून फार दूर अहमदाबादेस जामा मशिदीचे सुप्रसिद्ध झुलते मनोरे कोसळले. कच्छमध्यें असलेले कॅप्टन मॅक्मर्डो यांनीं ह्याची जी हकीकत लिहिली ती मुंबईच्या लिटररी सोसायटीच्या ग्रंथांत छापली गेली. समकालीन, जागच्या मनुष्यानें, आपण पाहिलेलें व दुसऱ्यांनीं सांगितलेलें वेगळें ठेवून लिहिलेला तो कागद नमुनेदार आहे. त्याच प्रदेशांत २६ जानेवारी २००१ रोजीं पुन्हां भूकंप झाला व पुन्हां अहमदाबादेस उंच इमारती पडल्या. मुंबई अधिक दूर असली तरी तिच्यांतही भराव घातलेल्या भुसभुशीत जमिनीवर उंच इमारती उभ्या आहेत.

आणि मग १९४५ ची गोष्ट. २८ नोव्हेंबर १९४५ रोजीं पहांटे साडेतीनच्या सुमारास मकराणच्या किनाऱ्यापुढें समुद्राच्या तळाशीं सुमारे ८.१ महत्तेचा भूकंप झाला. समुद्रांत चिखलाचे ज्वालामुखी उसळून लहान बेटें वर आलीं, व लाटा निघाल्या. त्या सकाळीं आठनंतर मुंबईस पोंचल्या. सुमारे सहा फूट उंचीची लाट आली, आणि किनाऱ्यावर सुमारे पंधरा माणसें वाहून गेलीं. हवामानखात्याच्या पेंडसे यांनीं ह्याचें टिपण केलेलें आहे. तिथीचा हिशेब केला तर तो दिवस कार्तिक वद्य नवमीच्या सुमाराचा, म्हणजे ऐन भांगाचा येतो. १५ मे १६१८ चें तुफान आणि १९४५ ची लाट, मुंबईच्या किनाऱ्याचीं हीं दोन मोठीं संकटें, दोन्हीं समुद्रांतून आलीं, आणि समुद्र निजलेला असतांना आलीं. उधाणाच्या दिवशीं यांपैकीं एक आलें म्हणजे काय, ह्याचा अनुभव ह्या शहरास अजून यावयाचा आहे.

१६१८ ची नोंद चुकीच्या रकान्यांत असल्यानें काय नुकसान झालें तें येथें स्पष्ट दिसतें. तुफानांच्या रकान्यांत ती ठेवली असतां १५ मे १६१८ पासून १८५४ च्या नोव्हेंबरचें वादळ, २२ नोव्हेंबर १९४८ चें वादळ, ३ जून २०२० रोजीं अलिबागेजवळ आलेलें निसर्ग, आणि १७ मे २०२१ रोजीं मुंबईच्या बाजूनें गुजराथेकडे गेलेलें तौक्ते, अशी एक माळ तयार होते. तौक्तेची तारीख वैशाखांतील त्या जुन्या तुफानापासून दोनच दिवसांनीं दूर आहे, हें ध्यानांत धरण्यासारखें आहे. अरबी समुद्रांतील वादळें मुंबईस क्वचित् येतात ह्या समजुतीवर जे विसंबतात त्यांच्यापुढें वसईचा तो वृत्तांत ठेवावयास हवा. पण तो त्यांच्या कपाटांत नाहीं, शेजाऱ्याच्या कपाटांत आहे. शिवाय १६१८ मध्यें समुद्रानें ज्या खाड्या, खाजणें व दलदली भरल्या असतील, त्यांतील पुष्कळशी जागा पुढें माणसांनीं भरून काढली. १७८४ च्या सुमारास पुरा झालेला हॉर्नबीचा बांध हा त्यांतील आरंभींचा मोठा प्रयत्न. त्यानंतर सात बेटांचें एक झालें. समुद्राच्या हक्काची जागा आज घरांनीं व्यापलेली आहे.

आतां संग्राहकांस विनंति. १६१८ च्या तुफानाचा मराठी किंवा संस्कृत समकालीन उल्लेख मिळाला तर तिथीचा वाद मिटेल. राजवाडे यांनीं १९२४ मध्यें छापलेली महिकावतीची बखर ह्याच किनाऱ्याची. परंतु तिचा त्यांनीं ठरविलेला रचनाकाळ शके १५०० च्या सुमारास संपतो, त्यामुळें ती येथें उपयोगी पडत नाहीं. वसई, आगाशी, सोपारें, केळवें-माहीम ह्या बाजूंच्या वृत्तिवंत घराण्यांचे कागद, जुन्या पंचांगांच्या समासांत उपाध्यायांनीं केलेलीं टिपणें, आणि पोथ्यांच्या शेवटच्या पानांवर लेखकानें सहज लिहून ठेवलेले प्रसंग, हीं शोधाचीं ठिकाणें. उत्तर कोंकणांतील घराणीं १७३९ च्या वसईच्या मोहिमेच्या आगेंमागें घाटावर व पुढें वऱ्हाडापर्यंतही पसरलीं असण्याचा संभव असल्यामुळें, असा कागद कोंकणांतच सांपडेल असें नाहीं. पाहावयाच्या तिथी: शके १५४०, वैशाख वद्य चतुर्थी ते सप्तमी, आणि पडताळ्यासाठीं ज्येष्ठ शुद्ध प्रतिपदा ते तृतीया.

वऱ्हाडच्या धक्क्यांविषयीं पाहावयाचें तर आरंभ शके १७४१, ज्येष्ठ वद्य अष्टमी-नवमी, सायंकाळ, येथून करावा. कच्छच्या त्या भूकंपाचा हादरा फार लांबवर जाणवलेला असल्यानें पैनगंगेच्या खोऱ्यांत त्याची आठवण कोणी लिहून ठेवली असल्यास, येथील लिहिणारे अशा गोष्टी टिपीत होते कीं नाहीं तें कळेल. य. खु. देशपांडे यांनीं यवतमाळास शारदाश्रम स्थापून महानुभावांच्या व इतर पोथ्यांच्या शोधाची परंपरा ह्या जिल्ह्यांत घालून दिली. तिच्यामुळें पोथी जपणारीं घरें येथें अजून आहेत. पोथीचा मुख्य ग्रंथ वाचून झाल्यावर शेवटचें पान, वेष्टनाचा कागद आणि समास हीं नजरेखालून घालावीं. नोंद मिळाल्यास तिचा उतारा मूळ अक्षरांत, आधींच्या व पुढच्या ओळींसह, करून घ्यावा. ‘भूकंप झाला’ एवढाच सारांश पाठवूं नये. धक्क्याची वेळ, तो किती वेळां बसला, विहिरीचें पाणी, भिंत कीं छप्पर, वारा होता कीं नव्हता, ह्या पांच गोष्टींपैकीं एक जरी मूळ ओळींत सांपडली, तरी त्या कागदाचें मोल अनेक कोष्टकांहून अधिक आहे.